रिठ्याचं पाणी

गार्गीने कुठल्या साडीवर कुठला दागिना घालायचा, हे आजवर सुचित्राच ठरवत आली होती. पोरगी बँकेत मोठ्या हुद्द्यावर गेली, तरी समारंभाला निघाली की दारात उभी राहून विचारायची, "आई, जुळतंय?" सुचित्रा मान हलवायची, मगच गार्गी लिफ्टकडे वळायची. सिंगापुरात, टॅम्पिनीसमधल्या निम्म्या मराठी बायका सुचित्राला दागिन्यांचे फोटो पाठवून सल्ला विचारत, पण तिला खरी ऐट होती ती या एका प्रश्नाची.

आणि आता ती ऐट जोरहाटहून आलेल्या विनीता बरुआ घेऊन जाणार होत्या. गार्गीच्या होणाऱ्या सासूबाई. आसामात लग्नाआधी जुरोण करतात. मुलाची आई मुलीच्या घरी येते आणि आपण आणलेली वस्त्रं, दागिने आपल्या हाताने तिला घालते. मुलीच्या आईने तेव्हा काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. बहुधा चहा.

"एका सकाळचा तर प्रश्न आहे," नवरा पद्माकर म्हणाला.

"तुमचं काय जातंय," सुचित्रा म्हणाली.

जुरोणाच्या सकाळी विनीताबाईंनी हॉलमध्ये मेखेला-चादर उलगडली. खाली नेसायचं एक वस्त्र, वर घ्यायचं दुसरं, दोन्ही मुगा रेशमाची, मधाच्या रंगाची, काठाला लाल वेल. "मैंने खुद बुना है," त्या सहज बोलून गेल्या. सुचित्राने काठ उलटून मागची वीण पाहिली. विकतचं असतं तर निदान नावं तरी ठेवता आली असती.

त्यावर त्यांनी जूनबिरी ठेवली. चंद्रकोरीचं सोनेरी पदक, लाल खड्यांनी भरलेलं. जोडी अचूक होती. सुचित्राच्या नजरेला ते लगेच कळलं आणि म्हणूनच तिचा जळफळाट झाला. मग तिला दिसलं, पदक जरासं काळवंडलंय.

विनीताबाई गार्गीच्या केसांना तेल लावत होत्या. "जरा उजळून आणते," असं पुटपुटत सुचित्राने पदक उचललं आणि ती स्वयंपाकघरात गेली. सोनं उजळायचं ते रिठ्याच्या उकळत्या पाण्यात, हे तिच्या आईपासून चालत आलेलं. टेक्का मार्केटमधून आणलेले रिठे डब्यात होतेच. पोरीच्या गळ्यात जाण्याआधी त्याला आपला हात तरी लागेल, शिवाय सासूबाईंनाही दिसेल की दागिना कसा ठेवतात.

झाऱ्याने पदक वर काढलं, तर कोर वाकडी झालेली. वरचा सोन्याचा पातळ पत्रा सुटला होता, आतली लाख ओघळली होती आणि खडे पातेल्याच्या तळाशी बसले होते.

क्षणभर तिला बरं वाटलं. मग बरं वाटलं याचीच भीती वाटली.

पदक ताटलीत घेऊन ती बाहेर आली. गार्गी मेखेला-चादर नेसून उभी होती. "मुझसे खराब हो गया," सुचित्रा म्हणाली. "उबलते पानी में डाल दिया."

विनीताबाईंनी ताटलीतली वाकडी कोर उचलली. "मेरी सास का था." मग त्यांनी स्वतःला सावरलं. "आपके पास कुछ हो तो आज आप ही पहना दीजिए."

हेच तर तिला हवं होतं. सुचित्राने कपाट उघडून चपलाहार, तन्मणी, कोल्हापुरी साज काढले आणि एकेक गार्गीच्या गळ्याशी धरून पाहिलं. चपलाहार मुग्यात बुडून गेला. तन्मणीचे मोती फिके पडले. साज त्या लाल वेलीशी भांडायलाच उठला. ती नुसतं 'छान' म्हणाली असती, तरी कुणी हूं की चूं केलं नसतं.

"नाही," ती म्हणाली. "यातलं काहीच जुळत नाही."

मराठी कळत नसलं, तरी विनीताबाईंना तिचा चेहरा कळला. त्यांनी स्वतःच्या गळ्यातली जूनबिरी काढली आणि गार्गीला घातली. मधाच्या रंगावर लाल कोर खुलून आली. पोर इतकी सुंदर दिसत होती, की सुचित्राला बघवेना.

आरसा समोर होता, सासू शेजारी होती. गार्गीने दोन्हींकडे पाहिलं नाही.

"आई, जुळतंय?"

सुचित्राचा मत्सर जागचा हलला नव्हता. तिने चादरीचा पदर सरळ केला, खरं तर तो सरळच होता. मग तिने मान हलवली, आणि गार्गी सासूकडे वळली.