बुधवारची शांतता

बुधवारी दुपारची जेवणं आटोपली की आई घर बंद करायची. दार नव्हे, घराचा आवाज. भिंतीवरचं घड्याळ उतरवून कपाटात चादरींच्या घडीत ठेवायची. मग पंखा, मग फ्रीज. पुढे पुढे वाकून फ्रीजचं बटण दाबायला गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा तिनं सोपा उपाय काढला. पॅसेजमधला मेन स्विचच खाली पाडायचा. मग ती बाहेरच्या खोलीत फोनशेजारच्या खुर्चीत बसायची आणि कानातलं यंत्र काढून मांडीवर ठेवायची. रिसीव्हर कानाला लावला की ते यंत्र शिट्टी वाजवायचं, म्हणून ते नको. आणि ते नाही म्हणजे घरात दुसरा कुठलाच आवाज नको.

त्या वेळात तिच्या थोरल्याचा फोन यायचा, तुरुंगातून. तिथून एकाच नंबरवर बोलता येई, आणि त्यानं दिलेला नंबर हा घरचा होता. रांग असे, फोन कधी लवकर येई, कधी ऊन उतरल्यावर. मागे माणसं ताटकळत उभी असल्यामुळे तो हळू आवाजात बोलायचा.

धाकटीला हे सगळं ठाऊक होतं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि संध्याकाळीच घरी यायची. सुरुवातीला एकदा तिनं आईला टोकलं होतं. "अगं, फ्रीजमधलं दूध नासेल."

"नासू दे. दूध परत मिळतं," आई म्हणाली होती. विषय तिथेच संपला.

टेलिफोन कंपनीनं जुन्या तांब्याच्या तारा बंद करायचं ठरवलं. नंबर तोच राहणार होता, पण फोन आता इंटरनेटवरून चालणार होता. नवीन तार येण्याच्या आदल्या बुधवारी थोरल्याचा जुन्या तारेवरचा शेवटचा फोन आला. आई त्याला हे सगळं समजावून सांगणार होती. ते राहिलं आणि तिच्या तोंडून भलतंच निघून गेलं. "खरं सांग मला. त्या रात्री गाडी तूच चालवत होतास ना?"

अपघातात एक माणूस गेला होता. मित्र चालवत होता, असं थोरला पहिल्या दिवसापासून सांगत होता. मित्र उलटं सांगत होता. कोर्टानं मित्राचं मानलं. आईनं इतक्या काळात कधीच विचारलं नव्हतं. पलीकडून रांगेतल्या कुणाचं तरी खोकणं तेवढं ऐकू आलं, आणि मग वेळ संपल्याचा टूं टूं आवाज आला.

शनिवारी फोनवाला आला. घामाघूम, पोट सुटलेला, बोलका माणूस.

"काकू, इंटरनेटचा डबा कुठे लावू? टीव्हीच्या वर झकास दिसेल."

"दिसायला कशाला हवा? तो काय फोटो आहे कुणाचा?"

"हिरवे दिवे लागतात हो. लोकांना आवडतं."

"मला नको ती लुकलुक. आत कुठेतरी लाव."

जागा धाकटीनं ठरवली. स्वयंपाकघराची वाफ नको, फ्रीजचं लोखंड जवळ नको, बाहेरून येणारी तार फार वाकायला नको. असं करत करत ती पॅसेजमध्ये आली. मेन स्विचच्या वर, हात उंचावला तरी जेमतेम पोचेल अशा ठिकाणी, शेजारी प्लग होता. तिनं पट्टी लावून पेन्सिलीनं दोन खुणा केल्या आणि पातळी पुन्हा एकदा पाहिली.

"ताई, डबा टांगायचाय की रॉकेट सोडायचंय?" फोनवाला म्हणाला.

"तिरका बसला तर रोज डोळ्यांना खुपेल."

"कुणाच्या डोळ्यांना? इथे वर बघणार कोण?"

ड्रिल चालू असताना धाकटीनं खाली कागदाची घडी धरली. भिंतीचा भुगा तिच्या मनगटांवर सांडत होता. फोनवाल्यानं भोकांत प्लॅस्टिकच्या गुट्ट्या ठोकल्या, स्क्रू थोडे बाहेर ठेवले, डब्याच्या मागच्या खाचा त्यांवर अडकवल्या आणि डबा खाली ओढला. तो घट्ट बसला. हवा जाण्याच्या फटी मोकळ्या राहिल्यात, हे तिनं बोट फिरवून पाहिलं.

"बॅटरी हवी का? वेगळी मिळते. लाईट गेली तरी फोन चालू राहतो."

"इथे लाईट जातच नाही," धाकटी म्हणाली.

"मग कशाला उगाच."

आईला तिनं नीट समजावून सांगितलं. आधी फोनला लागणारी वीज तारेतूनच यायची, एक्सचेंजमधून. आता ती घरातून जाणार.

"म्हणजे आपल्या मीटरवर?"

"अगदी थोडी गं."

"कंपनीवाले भारीच हुशार," आई म्हणाली.

आईचा जुना फोन आपल्या जागीच राहिला. पॅसेजमधून त्याच्यापर्यंत नवी वायर आली, एवढंच. फोनवाल्यानं आपल्या मोबाईलवरून नंबर लावला. फोन खणखणला. आईनं उचलला आणि मोठ्यानं म्हणाली, "हॅलो!"

"काकू, मी पॅसेजमधून बोलतोय. जेवलात का?"

आई हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. "किती स्वच्छ ऐकू येतंय गं," ती धाकटीला म्हणाली. "त्याला सांगेन, आता ओरडायला नको."

त्या बुधवारी थोरल्याचा फोन आला नाही. पुढच्याही बुधवारी आला नाही.

संध्याकाळी धाकटी घरी येई तेव्हा घड्याळ पुन्हा भिंतीवर असे, फ्रीज घुरघुरत असे. आईचा चेहरा पाहून ती विचारायची नाही. रिसीव्हर उचलायची, टोन असायचा. मोबाईलवरून नंबर लावायची; फोन वाजायचा.

"फोन ठीक आहे," ती म्हणायची.

"फोन ठीकच असणार. तोच चिडलाय."

"रांग मोठी असेल."

"दर बुधवारी मोठी? मी विचारायला नको होतं. आईनं विचारायचं नसतं असलं काही."

"तू मधे कधी उचलून बघतेस का, टोन आहे का ते?"

"वेडी आहेस का? मी उचलायला आणि त्यानं लावायला एकच गाठ पडली तर? त्याला एंगेज लागेल."

हे धाकटीला पटलं.

मग एका बुधवारी प्रयोगशाळेतलं यंत्र बिघडलं आणि दुपारीच सगळ्यांना घरी सोडलं. धाकटीनं दाराची बेल दाबली. बेल वाजली नाही. पुन्हा दाबली. किल्लीनं दार उघडून ती आत आली. बाहेरच्या खोलीत आई खुर्चीत बसली होती, पाठ ताठ, डोळे फोनवर. तिनं ओठांवर बोट ठेवलं. घरात इतकी शांतता होती की धाकटीला आपल्याच चपलांची लाज वाटली.

ती पाय न वाजवता पॅसेजमध्ये गेली आणि तिनं वर पाहिलं.

डबा सरळ बसला होता. पट्टी लावल्यासारखा सरळ. त्याच्यावरचा एकही दिवा लागलेला नव्हता. बरोबर त्याच्याखाली मेन स्विच पडलेला होता.

दोन्ही गोष्टी तिला माहीत होत्या. वेगवेगळ्या माहीत होत्या.

तिनं स्विच वर केला. फ्रीज हादरून सुरू झाला, पंखा फिरू लागला, डब्यावर एक लाल दिवा लागला.

"बंद कर ते!" आई ओरडली. "त्याची वेळ आहे! इतकंही कळत नाही का तुला?"

डबा पूर्ण जागा व्हायला काही मिनिटं लागतात. धाकटी त्याच्याकडे बघत उभी राहिली. लाल दिवा लुकलुकला, मग हिरवा झाला. संध्याकाळी तिला मिळायचा तो टोन आईनं स्विच वर केल्यानंतरचा होता. ती आईकडे वळली. खरं कारण तिनं सांगितलं नाही. त्या दुपारी फोन वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रयोगशाळेच्या जिन्यात उभं राहून तुरुंगाच्या कार्यालयात फोन केला. कारकून भला माणूस होता.

"लावत होते हो ते, दर बुधवारी. बंद लागायचा. मग एक दिवस म्हणाले, घरच्यांनी मला तोडलंय, नंबर काढून टाका. लिहूनच दिलं."

"पुन्हा घालता येईल ना? फोन बिघडला होता."

"त्यांनी मागितला तर. तुम्ही मागून नाही चालत, बाई."

धाकटीनं पत्र लिहिलं. डबा, प्लग, मेन स्विच, आईचं यंत्र, घड्याळ चादरीत का जायचं, टोन संध्याकाळी का असायचा, सगळं क्रमानं, कारणांसकट. उत्तर आलं नाही. शेवटी ती भेटीला गेली. जाताना आईला एवढंच म्हणाली, "बघून येते."

भेटीच्या खोलीतल्या बाकांचे पाय जमिनीत रोवलेले होते. पहारेकरी आत गेला आणि एकटाच परत आला.

"येत नाही म्हणतात."

"पत्र मिळालं का त्याला? विचारलंत?"

"मिळालं म्हणे." पहारेकरी जरा घुटमळला. "म्हणाले, बहीण हुशार आहे, गोष्ट छान रचलीय. म्हणाले, माझी खरी होती ती तुम्हाला पटली नाही, आणि ही मला पटवताय."

"आणि आईसाठी काही?"

"काही नाही."

घराजवळच्या कोपऱ्यावर ती आली तेव्हा भर दुपार होती, बुधवार होता, आणि त्यांच्या घराच्या सगळ्या खिडक्यांत दिवे लागलेले होते. बेल दाबली, ती वाजली. कोणी दार उघडलं नाही. तिनं किल्ली लावली.

पंखे शेवटच्या आकड्यावर गरगरत होते. टीव्हीवर कोणीतरी मोठमोठ्यानं बोलत होतं. न्हाणीघरातला दिवा, स्वयंपाकघरातला, माळ्यावरचा, झाडून सगळे चालू. पॅसेजमध्ये डब्यावर हिरव्या दिव्यांची रांग स्थिर होती. या नंबरवर तिथून आता फोन लागणार नव्हता.

आई खुर्चीत बसली होती. कानातलं यंत्र मांडीवर होतं आणि उजवा हात पालथा फोनवर ठेवलेला होता.

"या गोंगाटात घंटी ऐकू येत नाही," धाकटीला पाहून ती म्हणाली. "हात ठेवला की वाजलेलं कळतं."

"विजेचं तुला कोणी सांगितलं?"

आईला ऐकू गेलं नाही, पण प्रश्न तिनं ओळखला. "त्या दिवशी तू स्विच वर केलास आणि डब्याकडे बघत राहिलीस, तेव्हा तुझं तोंड पाहिलं मी. भेटला?"

धाकटी बोलली. पंख्यांत ते विरून गेलं.

"काय?" आई ओरडली. "मोठ्यानं बोल! भेटला का?"

धाकटीनं भिंतीकडे, पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"नको!" आई खुर्चीतून अर्धवट उठली. उजवा हात अजून फोनवरच होता. "नको गं. आता काहीसुद्धा बंद करू नकोस."