ऐंशी हजार वेळा जुंपलेला कॅमेरा

गडबच्या हमरस्त्यापासून आत दोन किलोमीटरवर आमचं गाव. तिथे खोटं बोलायचं काम गेली चाळीस वर्षं माझ्याकडे आहे आणि खरं बोलायचं शकूकडे. शकू म्हणजे सखाची बायको. अर्ध्या गावाचा वाल तिच्या बियाण्यावर उगवतो. ‘औंदाचं हाय, कीड नाय’ असं ती म्हणाली की पिशवीचं तोंड उघडून बघायची आमच्यात पद्धत नाही. तशीच खांद्यावर टाकायची आणि घरी न्यायची.

यंदा पौषात आम्ही तिच्याच शेतात पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, वरखाली भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. शेंगा भाजेपर्यंत माणसं बोलत बसतात. तेव्हा शकू सहज म्हणाली, “आमच्या वहाळावर एक ढोकरी येते. चोचीत वालाचं फूल घेते, पाण्यात टाकते. फुलाला मासे टोचायला आले की गपकन धरते.”

वहाळ म्हणजे शेताकडचा ओढा आणि ढोकरी म्हणजे मातकट रंगाचा लहान बगळा. कोणी हसलं नाही. शकू बोलतेय म्हटल्यावर माणसं मान हलवायला लागली होती. शेजारची काशीबाई तर म्हणाली, “हुशार असतात गो मेली पाखरं.” प्रकरण तिथेच मिटलं असतं.

पण मला राहवलं नाही. मी म्हटलं, “व्हय, मी पण पाह्यलंय. मासा मोठा असला तर ती दोन फुलं टाकते.”

झालं. जाळाभोवतीची सगळी तोंडं आधी माझ्याकडे वळली, मग शकूकडे. मी ज्या गोष्टीला साक्ष देतो ती खरी असूच शकत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काशीबाईने शेंग सोलता सोलता विचारलं, “नाथाभावजींकडे शिकवणी लावलीस काय गो?” आणि मग जे हसू सुटलं, ते म्हणे हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनी ऐकलं. मडक्यातल्या शेंगा करपल्या त्या निराळ्याच.

आमच्याकडे पौष संपायच्या आत ज्याने त्याने शकूला सांगून ठेवायचं असतं, बी किती पायली हवं. तेवढ्या ओळी ती शेंगा वाळायला राखते आणि बाकीच्या हिरव्या तोडून विकते. यंदा कोणी सांगायलाच आलं नाही. काशीबाई आली, ती बिरड्यासाठी जुना वाल न्यायला. आली ती आली, तिने शकूच्या अंगणात शकूच्या देखत पिशवी उघडली, एक दाणा दाताखाली धरला आणि फोडून बघितला. आत कीड नव्हती. पण शकू त्या रात्री जेवली नाही, असं सखाने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. सखा एरवी काही सांगणाऱ्यातला नाही.

“पाखरूच दाखवून टाक ना लोकांना,” मी शकूला म्हटलं.

“दावलं नसतं? मी एकटी खुरपत बसले तर येते. दुसरं माणूस बांधावर दिसलं की उडाली. आणि वहाळाचं पाणी अजून पंधरा दिवस. मग ती जाते तिच्या वाटेनं.”

तिने मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. त्यात वहाळ होता, बांध होता आणि मधोमध तांदळाच्या कणीएवढं काहीतरी होतं. त्याला ढोकरीही म्हणता आलं असतं आणि ढेकूळही.

तिची मुलगी प्रणिता पेणला एका दवाखान्यात नोकरीला आहे. तिने फोनवर सांगितलं, लांबचा फोटो काढायचा तर मोठा कॅमेरा पाहिजे, लांबची लेन्स लावता येते तो. नवा परवडणार नाही, जुना बघ. साधाच बघ, शिकाऊ लोक घेतात तसला. लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघ. बॅटरी किती टिकते ते विचार. आणि आतापर्यंत किती फोटो निघालेत ते नक्की विचार, कारण त्यावर त्याचं आयुष्य ठरतं. हा आकडा त्यातून निघालेल्या फोटोच्या आतच लिहिलेला असतो. एक फोटो पाठवलास तर मी शोधून देईन.

“म्हंजे दात मोजायचे,” शकू म्हणाली. जन्मभर तिने वापरलेलं जनावरच विकत घेतलं होतं. बैलजोडी नवी कोण घेतो?

घोळ मी घातला होता, म्हणून तिच्याबरोबर जाणं मलाच भाग होतं. तिने अट घातली, “बरोबर या, पण मी सांगीन ते खरं हाय असं कुणाला सांगू नका.”

आठ-दहा दिवस विचारपूस केल्यावर पहिला कॅमेरा कळला तो पेणमध्ये, विष्णु सरांकडे. सर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. कॅमेरा अकरा वर्षांपूर्वीचा. त्यांनी तो खोक्यासकट आणला. बिल होतं, पट्टा कडक होता, मागच्या पडद्यावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रासुद्धा काढलेला नव्हता. लांबची लेन्स वेगळ्या मखमली पिशवीत होती. मला तर वाटलं, आता हळद लावून पाटावर बसवतील.

“जसा आणला तसा आहे,” सर म्हणाले. “फोटो किती काढलेत विचारा.”

“किती?” शकूने विचारलं.

“एकोणीसशे फक्त!”

“अकरा वर्षांत?” शकूचा चेहरा पडला.

“अहो, ह्याचं आयुष्य लाखभर फोटोंचं असतं. हा तर अजून बाळ आहे.”

“मग बाकीचा वेळ कुठं व्हता तो?”

सरांच्या पत्नी वत्सलाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “कपाटात. दसऱ्याला काढायचा, फूल वाहायचं, परत ठेवायचा. मी म्हणत होते, नातवाच्या मुंजीला तरी काढा. तर म्हणे, तेल लागेल.”

शकूने कॅमेरा हातात घेऊन आधी नाकाशी नेला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग तिने मखमली पिशवीतली लेन्स काढली, खिडकीपाशी गेली आणि एक डोळा मिटून आरपार बघत राहिली. तांदूळ घेताना दाणा उजेडाला धरते, अगदी तशी.

“सर, जाळी धरलीय आत.”

“धूळ असेल ती. पुसली की जाते.”

“धूळ सुटी असते. ह्याला मुळं हायत. बघा, कडेपासनं मधी चाललीय.”

सरांनी चष्मा काढला, घातला, परत काढला. काचेच्या आत कोळिष्टकासारखी बुरशी पसरली होती. आमच्या हवेत बंद कपाटात ठेवलेल्या काचेला ती धरतेच. उजेडात वापरत राहिलं तर सहसा धरत नाही.

“चांगला व्हता कॅमेरा,” शकू म्हणाली. “पण कोंदटला. वाल बिनराखेचा ठेवावा तसा.”

“म्हणजे मी राखेत ठेवायला हवा होता?” सर जरा दुखावूनच म्हणाले.

“नाय सर. मुंजीत काढाय पायजे व्हता.”

वत्सलाबाईंनी तिला चहाबरोबर लाडू दिला. मला दिला नाही.

तिथून आम्ही रोह्याची गाडी धरली. निडीला गाडी अशी थांबली की टोपलीत कोवळ्या शेंगा घेऊन चढलेल्या बाईच्या शेंगा गाडी सुटेपर्यंत जून झाल्या होत्या. ते असो. रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीला गेलो. तिथे हरेश म्हणून लग्नाचे फोटो काढणारा आहे. त्याने नवीन पद्धतीचा कॅमेरा घेतला होता आणि जुना विकून टाकायचा होता.

हरेशचा कॅमेरा बघून मला परत पूल ओलांडावासा वाटला. हाताचं रबर सुटलेलं, परत चिकटवलेलं, परत सुटलेलं. बटणांच्या फटींत हळद. त्याने इतक्या नवऱ्या पाहिल्या होत्या की मंगलाष्टकं ऐकू आली तर तो आपोआप चालू होत असणार.

“किती निघाले?” शकूने विचारलं.

हरेश प्रामाणिक निघाला. “मावशी, खोटं नाय बोलत. ऐंशी हजारच्या वर गेलाय. मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी हजार-हजार निघायचे.”

त्याने एक फोटो मोबाइलवर घेऊन प्रणिताला पाठवला. तिचा लगेच फोन आला. “आई, एक्याऐंशी हजार चारशे! नको घेऊ. कधीही बसेल.”

“कधी बसलाय का आधी?” शकूने हरेशला विचारलं.

“एकदा पावसात भिजला. दोन तास रुसला व्हता. मग चालू.”

“एवढी वर्षं रोज नांगराला व्हता, आणि एकदाच बसला,” शकू फोनमध्ये म्हणाली. “गो प्रणिता, न जुंपलेलं खोंड घेऊन मी काय करू? ह्याला वाट म्हाईत हाय.”

“आई, तो बैल नाय गो!”

शकूने फोन माझ्याकडे दिला. मी प्रणिताला म्हटलं, तुझ्या आईचं बरोबर आहे. तिने तात्काळ फोन ठेवला.

मग लेन्स उजेडाला धरून झाली. काच स्वच्छ होती, फक्त कडेला एक ओरखडा. फोटोंत मात्र दर वेळी उजव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका येत होता.

“हे काय?”

“आतला एक कण मेलाय,” हरेश म्हणाला. “लग्नात कुंकू म्हणून खपून जातो.”

“माझी ढोकरी सवाशीण दिसंल, एवढंच,” शकू म्हणाली. “हरेश, दोन दिवस जुंपून बघते. चालला तर ठेवते, नायतर परत आणते.”

मला वाटलं, तो हाकलून देणार. यंत्राला असली बोली कोण देतो? हरेशने विचारलं, “मावशी, तुम्ही गडबच्या आतल्या शकूमावशी ना? आमची आई वाल आणते तुमच्याकडनं. न्या. तुमचा शब्द बास.”

शकूने पट्टा गळ्यात अडकवला आणि पदर त्याच्यावरून घेतला. परतीच्या गाडीतही पदर काढला नाही.

हरेशने तिला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. हे बटण अर्धं दाबलं की चित्र साफ होतं, पुरतं दाबून धरलं की सेकंदाला तीन फोटो निघतात. तिसरी गोष्ट शिकवायला गेला तर ती म्हणाली, दोन पुरे.

पहिल्या दिवशी ढोकरी आलीच नाही. शकूने सखाचे पंचवीस फोटो काढले. सगळ्यांत सखा एकसारखाच उभा आहे आणि सगळ्यांत त्याच्या कोपराजवळ कुंकू आहे. दुसऱ्या दिवशी मला वहाळाकडे फिरकायची बंदी होती. दुपारी बाराला ती घरी आली ती गुडघ्यापर्यंत चिखलात.

“आली,” म्हणाली.

मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं. पहिल्या फोटोत ढोकरी आणि चोचीत वालाचं जांभळं फूल. पाकळी न् पाकळी मोजावी इतकं साफ. दुसऱ्यात फूल पाण्यावर आणि खाली बारीक माशांचा घोळका. तिसऱ्यात मान ताणलेली, चोच पाण्याला टेकलेली. चाळीस वर्षांत मी ह्याच्या निम्म्यानंही काही रचलं नव्हतं.

चौथ्या फोटोत ढोकरीची चोच रिकामी होती. मासा पाण्याच्या वर, चोचीपासून वीतभर लांब, पाठमोरा पळालेला.

“पाचवा?” मी विचारलं.

“पाचवा नाय. तवर ती उडाली. पाणी आटत आलंय, आता नाय यायची. उद्या तिथं चिखलच ऱ्हाईल.”

“मग एक कर. चौथा पुसून टाक. तीन दाखव. तिसऱ्यात चोच पाण्यात हाय, पुढचं लोक आपणच धरून चालतात. तू मासा धरते म्हणून सांगितलंस, आणि हितं मासा पळालाय. काशीबाई काय करील म्हाईत हाय ना?”

हा सल्ला धंद्यातल्या माणसाचा होता आणि मी तो फुकट दिला होता. पुसायचं बटण कोणतं, तेही मला कळलं होतं. मी बोट त्याच्यावर ठेवलंसुद्धा.

शकूने कॅमेरा माझ्या हातून काढून घेतला. “चार निघाले तर चार दावीन.”

“आणि खोटी पडलीस तर?”

“तर पडले.”

ती अंगणात गेली आणि कुंपणावरून हाक मारली, “काशीबाय! ये गो, हात धुऊन ये!” हाक अशी होती की काशीबाईबरोबर आणखी सात-आठ बायका आणि त्यांच्यामागे पुरुषही आले. सखा दाराला टेकून उभा राहिला. तो इतका घट्ट टेकला की दार कुरकुरलं.

काशीबाईने पहिला फोटो बघितला. दुसरा बघितला. “हे लाल काय?” तिने विचारलं. “मेलेला कण हाय,” शकूने सांगितलं. तिसऱ्या फोटोला मागच्या बायका पुढे रेटायला लागल्या. कोणीतरी ‘अगो बाई’ म्हणालं. इथे कॅमेरा बंद करता आला असता. मी शकूकडे बघून खोकलोही.

शकूने चौथा लावला.

काशीबाईने पडदा डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.

“मासा कुठाय?”

“पळाला.”

“तू तर म्हणालीस, धरते.”

“धरते. कवा कवा चुकते पण. आज चुकली.”

काशीबाईने परत एकदा त्या पळणाऱ्या माशाकडे बघितलं. मग तिला हसू फुटलं, पोटातून, पदराचा बोळा तोंडाला लावण्यासारखं. “अगो, तिचं तोंड बघा! उपाशी राहिली रांड!” तिने कॅमेरा शेजारणीकडे दिला, शेजारणीने पुढच्या बाईकडे. सगळ्या त्या रिकाम्या चोचीवर हसत होत्या. पहिले तीन फोटो परत कोणी मागितले नाहीत.

डोळे पुसून काशीबाई शकूकडे वळली.

“थाप असती, तर मासा हातभर निघाला असता,” ती म्हणाली, आणि का कोण जाणे, माझ्याकडे बघून म्हणाली. मग आवाज बदलून, “माझ्या बियाच्या ओळी राखल्यास काय गो? की तोडल्यास हिरव्याच?”

“तू सांगितलं नव्हतंस.”

“आता सांगते. तीन पायली.”

“आम्हाला दोन,” मागून कोणीतरी म्हणालं.

शकू उन्हात उभी राहून बोटांवर ओळी मोजायला लागली. मोजता मोजता थांबली आणि सखाला म्हणाली, “वहाळाकडची वाफं आज तोडू नका. आणि ह्यो कॅमेरा आत ठेवू नका हां. हितं पडवीत उजेडाला टांगा. हरेशला कळवते, ठेवला म्हणून.”