दिलेला शब्द

"आई, तुझ्या ट्रकवर ड्रोन घिरट्या घालतोय. काय करतेस, सांग लवकर!"

"मी काय करणार? मेलं मला ट्रक चालवता तरी येतो का?"

"खेळात येतो," थोरली म्हणाली.

"येत असेल तर पळवते," आई म्हणाली. थोरली हसली, तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर खडूसर हसले. धाकटा तेवढा नकाशाचा दुमडलेला कोपरा सरळ करत बसला.

रविवारची दुपार होती. जेवणाचं टेबल पुसून थोरलीनं त्यावर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचा नकाशा पसरला होता. तिच्यासोबत नेहमी खेळणारी मैत्रीण तापानं आडवी झाली, म्हणून आयत्या वेळी आईला पकडून खुर्चीत बसवलं होतं. थोरली चाळिशीला टेकलेली. दिवसभर श्रवणयंत्रांच्या दुकानात लोकांचे कान तपासायचे आणि घरी येऊन खेळातल्या या देशाची जुळवाजुळव करायची, असं तिचं कित्येक वर्षं चाललं होतं. "संसार मांडायचा सोडून ही युद्ध मांडून बसलीय," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

पण आज पहिल्यांदाच तिनं तो देश नीट ऐकला आणि चक्क तोंडात बोट घातलं. तिथे रणगाडे होते, रडार होतं आणि मांत्रिकही होते. मंत्र वायरलेसवरून म्हटला तरी लागू पडायचा, पण मध्येच खरखर झाली तर तो भलत्यालाच लागायचा. डोंगरातल्या राक्षसांना तोफेचा गोळा ओरखडासुद्धा काढत नसे. डिझेलच्या वासानं मात्र त्यांना भोवळ यायची. जमिनीत पेरलेले सुरुंग अंगाई ऐकून झोपी जायचे, आणि ती अंगाई म्हणणारी खरीखुरी आईच लागायची.

"म्हणजे त्यासाठी मला बसवलंय होय!" आई म्हणाली. "अगं, पण हे सगळं तुला सुचतं तरी कुठून?"

"गिऱ्हाईक नसलं की सुचतं."

त्या देशात मंत्र फुकट चालत नसे. मंत्र म्हणायचा तर आपल्या बोलण्यातला एक शब्द द्यायचा. दिला की गेला. खेळात गेला आणि खेळाबाहेरही गेला. शब्द जितका रोजचा, जितका जिभेवरचा, तितका मंत्र मोठा. खडूसरांनी एकदा मोठ्या ऐटीत 'मांगल्य' हा शब्द देऊ केला होता.

"सर, हा शब्द तुम्ही शेवटचा कधी वापरलात?" थोरलीनं विचारलं होतं. "याच्यात फार तर काडी पेटेल."

मग त्यांनी 'अर्थात' दिला. त्यानं अख्खी पलटण नदीपार गेली, पण तेव्हापासून दर दोन वाक्यांनंतर सरांना ठेच लागायची. भाजीच्या दुकानातही ते 'अर्—' म्हणून थांबायचे आणि घसा खाकरून पुढे जायचे. वर "शब्द दिला की दिला" हे त्यांचं आहेच.

"आई, तू 'मेलं' दे," थोरली म्हणाली.

"ते कसं देऊ? मग मेलं मी बोलू काय?"

सर खो खो हसले. आईनं दिला शेवटी. ड्रोनच्या डोळ्यांदेखत ट्रकचं झुडूप झालं, आणि धाकट्याच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. आईनं ते पाहिलं आणि तिला भरूनच आलं.

धाकटा सैन्यात ट्रक चालवायचा. आघाडीवरून परत येऊन त्याला बरेच महिने झाले होते. हातपाय धड होते, पदकही मिळालं होतं. पण जेवण कसं झालंय विचारा, "ठीक." झोप लागली का? "ठीक." डॉक्टरांनी विचारलं, त्यांनाही "ठीक." त्या एका शब्दापलीकडे तो कुणालाच जाऊ देत नव्हता, आणि पहाटे पाहावं तर याच्या खोलीतला दिवा जळतच असायचा. पोरगं घरी आलं तरी आईचा जीव टांगणीलाच होता.

म्हणून तर थोरलीनं त्याला या टेबलाशी आणून बसवलं तेव्हा आई तिच्यावर भडकली होती. "युद्धातनं आलेल्याला युद्धाचा खेळ? जखमेवर मीठ चोळतेस का?"

थोरली ताट पुसता पुसता म्हणाली होती, "आई, दुकानात ज्याला सगळ्यात कमी ऐकू येतं ना, तो सगळ्यात जास्त 'हो हो' करतो. त्याला खोटं पाडून काही मिळत नाही. 'हो' म्हणून भागणारच नाही, असं काहीतरी विचारावं लागतं. आणि मग थांबावं लागतं."

ती थांबली होती. कित्येक रविवार धाकटा नुसता येऊन बसायचा. एकदाच बोलला होता: "ताई, ट्रक इतके जवळ जवळ चालत नाहीत." तिनं मुकाट्यानं सगळ्या ट्रकांमध्ये अंतर सोडलं होतं.

आता नकाशावर पूल होता. पुलावर जखमींनी भरलेल्या ट्रकांची रांग, वर लख्ख ऊन, आणि खिंडीपलीकडून विमानांचा आवाज येऊ लागलेला.

"दरीभर धुकं हवंय," थोरली म्हणाली. "कोण देतंय शब्द?"

सरांनी 'शिस्त' देऊन पाहिला. त्यात चार ट्रक झाकले गेले. आईनं 'उपास' देऊ केला, तर थोरली म्हणाली, "तो तू कधी केलायस?" आणि सगळे पुन्हा हसले. विमानं मात्र येतच होती.

"ठीक," धाकटा म्हणाला.

आईला वाटलं, तो नेहमीसारखाच बोलला. थोरलीनं मात्र हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"हा देतोयस?"

"हो."

"परत मिळत नाही रे."

"माहितीये."

मग थोरलीनं धुकं आणलं. आवाज न चढवता, हळूहळू आणलं. नदीतून निघालं, पुलाच्या खांबांना लागलं, ट्रकांच्या चाकांवरून वर चढलं. चालकांना स्वतःचे हात दिसेनात. विमानं आली, आंधळ्यासारखी घिरट्या घालून निघून गेली. आपल्या पोटी ही असली काही जन्माला आलीय, हे आपल्याला इतकी वर्षं कळलं कसं नाही, असं आईला वाटलं.

"सगळे पार झाले," थोरली म्हणाली.

"मागचा पण?" धाकट्यानं विचारलं.

"मागचा पण."

त्यानं मान हलवली आणि उठून पाणी प्यायला गेला.

सोमवारी सकाळी थोरली डबा घेऊन दाराशी चप्पल घालत होती. धाकटा टेबलाशी येऊन बसला. आईनं त्याच्यापुढे चहा ठेवला आणि रोजच्या सवयीनं विचारून गेली, "झोप लागली का रे?"

"ठी—"

तो थांबला. आईला वाटलं, दिलेला शब्द मोडेल. खेळच तो, कोण बघतंय? त्यानं कपाभोवती दोन्ही हात धरले. जागच्या जागी शब्द शोधत राहिला. दुसरा सापडेना.

"नाही," तो म्हणाला. "नाही लागत, आई. डोळे मिटले की आरसा दिसतो. गाडीचा. त्यात मागचा ट्रक दिसत होता. तो चालवणारा हात करत होता मला, गंमत म्हणून. मी पुढे बघितलं, परत आरशात बघितलं, तर नुसता रस्ता. थांबायचं नाही असा हुकूम होता. मी नाही थांबलो."

आईच्या तोंडाशी तिचा सवयीचा 'मेलं' आला. तिनं तो गिळला. मग तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

थोरलीनं पायातली चप्पल काढली. आवाज न करता येऊन तिनं खुर्ची ओढली आणि दुकानात बसते तशी त्याच्यासमोर बसली, हात मांडीवर ठेवून, जराशी पुढे वाकून.

"तो कसा होता?" तिनं विचारलं.

धाकटा सांगू लागला. दुकान उघडायची वेळ केव्हाच होऊन गेली.