वान नदीचे दगड

गोष्ट दोन हजार बावीसच्या मे महिन्यातली, वरवट बकालची. दीपक अकोल्याहून आला आणि आईच्या, तानुबाईच्या घराच्या टिनांवर सोलरची प्लेट बसवून गेला. प्लेट हलू नये म्हणून तानुबाईनं टिनांवरचेच चार दगड तिच्या पायांवर सरकवून घेतले. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्यानं, उकंडरावांनी, ते बैलगाडीतून वान नदीतून आणले होते. उकंडराव जाऊन बरीच वर्षं झाली. दगड मात्र आपल्या जागी होते.

शेजारचा सईद वेल्डिंगचं काम करी. वर पाहून तो म्हणाला, "काकी, प्लेटीखाली वारा शिरला का टिन उचलते. मंग दगड कोनाच्या डोक्यात जाईन, काही भरोसा नाही. दगड उतरवू, प्लेट बोल्टानं खालच्या पाइपाले कसू."

"इतके वर्स नाही पडले, तं आताच पडतीन?"

"तवा प्लेट नोती न, काकी."

"तुह्या बोल्टाची बोहनी माह्याच घरी काऊन बे?"

सईद हसला आणि कामाला गेला.

पुढं दुपारचा वारा सुटू लागला. सईदच्या महनूरची झोळी तानुबाईच्या भिंतीलगत, सावलीत बांधलेली असे. या पोरीला तानुबाईनंच सव्वा महिना न्हाऊ घातलं होतं. एका दुपारी पाहते तर सईदची बायको बिलकिस झोळी सोडून पलीकडं बांधत होती.

"काऊन वं, झोळी तिकडं काऊन नेली?"

"इकडं गरम होते, काकी."

पलीकडची भिंत उन्हानं अशी तापली होती, की हात ठेववत नव्हता. तानुबाईनं मान वर केली. झोळीच्या रिकाम्या आकड्याच्या नेमका वर, टिनाच्या काठाशी, उकंडरावांचा दगड होता.

 संध्याकाळी तिनं हाक मारली, "सईद, शिडी आन. अन् दगड फेकजो नको, हातात दे."

जूनच्या वादळात गल्लीतल्या डिशा शेतात जाऊन पडल्या. बोल्टानं कसलेली तानुबाईची प्लेट रात्रभर थरथरली, पण उठली नाही. महनूर भिंतीपलीकडं, आपल्या घरात, आपल्या जागी झोपली होती.

त्यानंतर सईदला गल्लीभर बोल्ट कसायची कामं मिळाली. बिलकिसनं झोळीची गोधडी केली. दीपक आईला दिवाळीला अकोल्याला नेतो. चार दिवसांत ती परत येते. महनूर आता अंगणवाडीत जाते. दगडांचा नळापाशी ओटा झाला आहे. सकाळी त्यावर महनूर बसते आणि तानुबाई तिची वेणी घालते.