पाच फुटांना एक इंच

मी उतार बोलतोय. डोंगराचा नव्हे, रस्त्याचा नव्हे, आणि वयाचा तर मुळीच नव्हे. मी बाथरूमच्या फरशीचा उतार. पाच फुटांना एक इंच, एवढाच माझा जीव. तुम्ही रोज सकाळी माझ्या अंगावर उभे राहता, बादलीभर पाणी ओतता, कधी कधी बेसूर गाता, आणि मी आहे याचा तुम्हाला पत्ताही नसतो.

तक्रार नाही. माझं कामच असं आहे की ते नीट झालं तर कुणाला दिसत नाही. नळ चकचकीत असला तर पाहुणे विचारतात, "कुठून आणला?" आरशासमोर तर ते घरी जायचंच विसरतात. पण आजवर एकाही पाहुण्यानं बाहेर येऊन "काय सुंदर उतार आहे हो तुमच्याकडे!" असं म्हटलेलं नाही. मी वाट बघणं सोडून दिलं आहे.

या घरात माझे तीन जन्म झाले. पहिला परसात. तेव्हा आंघोळ ही घराबाहेर करायची गोष्ट होती. एक मोठी दगडी शिळा, तीन बाजूंना पत्रे, चौथ्या बाजूला गोणपाटाचा पडदा आणि वर आकाश. शिळेच्या एका टोकाखाली कुणीतरी चपटा दगड सरकवला आणि मी जन्मलो. माझ्यावरून वाहिलेलं पाणी थेट भोपळ्याच्या वेलाला जायचं. आंघोळी मात्र पटापट उरकायच्या, कारण वारा सुटला की पडदा कुणाची बाजू घेईल याचा भरवसा नसायचा.

दुसरा जन्म जिन्याखाली. घरात नळ आला तशी आंघोळही घरात आली, पण तिला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. कोळसे ठेवायची जागा होती, ती मिळाली. भिंतीला लागून तांब्याचा बंब, खाली घोटलेल्या सिमेंटची जमीन. ताठ उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं, म्हणून घरातले झाडून सगळे बसून आंघोळ करायचे. बंबात पाणी तापलं की बाहेर रांग लागायची, आणि आत गेलेला माणूस कितीही गरीब स्वभावाचा असला तरी दहा मिनिटांपुरता राजा व्हायचा. बाहेरून दार वाजलं की आतून "झालंच!" असं उत्तर जायचं. अजून सुरूही झालेलं नाही, हे फक्त मला ठाऊक. संडास तेव्हा अंगणाच्या पार टोकाला होता. एखाद्या भांडखोर नातेवाइकाला ठेवावं तसं त्याला घरापासून लांब ठेवलेलं होतं.

तिसऱ्या जन्मी मला खरीखुरी खोली मिळाली. पाच फूट रुंद, सात फूट लांब, वर खिडकी, गरम पाण्याला गीझर, आणि तोच भांडखोर नातेवाईक पांढराशुभ्र होऊन एका कोपऱ्यात बसलेला. ही खोली आबांनी बांधून घेतली. आबा या घराचे मालक, धंद्यानं घड्याळजी. त्यांना मिस्त्रीही तसाच काटेकोर भेटला. फरश्या बसवण्याआधी त्यानं सुतळी ताणली, गुडघे टेकले, एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघत राहिला. मग तांब्याभर पाणी ओतलं. पाणी दाराकडे वळलं नाही, भिंतीपाशी थबकलं नाही, सरळ डाव्या कोपऱ्यातल्या जाळीत उतरलं. "बस," मिस्त्री म्हणाला आणि चहा प्यायला गेला. माझं कौतुक एवढंच झालं.

नंतरची बरीच वर्षं सुखाची गेली. पुढे आबांची नजर गेली. एकदम नाही. आधी सेकंदकाटा दिसेनासा झाला, मग मिनिटकाटा, मग घड्याळच. दुकान बंद झालं. बायको त्याआधीच वारली होती. घरात उरले मुलगा आणि सून. दोघंही मायेची. मुलगा त्यांच्या हातात चहा द्यायचा, पायात बूट चढवायचा, हात धरून रस्ता ओलांडून न्यायचा. दिवसभर आबा कुणाच्या ना कुणाच्या हाती असायचे. सकाळची वीस मिनिटं तेवढी त्यांची स्वतःची. आत येऊन कडी लावली की ते ताठ व्हायचे.

लाकडी स्टुलावर बसायचे. बादली उजवीकडे, तांब्या बादलीत. साबण हातातून निसटायचा. तो कुणाच्या निसटत नाही? पण आबा शोधाशोध करत नसत. दोन तांबे पाणी खाली सोडायचे, क्षणभर थांबायचे आणि डावा हात जाळीपाशी न्यायचे. वडी तिथे आलेली असायची. अर्थात, मी आणून पोचवलेली. आबांना वाटायचं, ही आपलीच करामत. "डोळे गेले, पण हाताला सगळं कळतं," असं ते मुलाला ऐकवायचे. मी कशाला खोडून काढू? खरं सांगायचं तर मला त्यात गंमतच वाटायची.

मग मुलाला बाथरूम जुनाट वाटायला लागली. मित्राच्या घरची बघून आला होता, दुसरं काय! लगोलग एक डिझायनर बाई आल्या. त्यांनी "स्पेस" हा शब्द अकरा वेळा उच्चारला. पाच बाय सातच्या खोलीत ती त्यांना कुठे सापडली कोण जाणे. ठरलं असं की ओला भाग वेगळा, कोरडा भाग वेगळा, मधे काच. डोक्यावर ताटाएवढा शॉवर. शांपूच्या बाटल्यांसाठी भिंतीत कोनाडा आणि कोनाड्यात दिवा. बाटल्यांना अंधाराची भीती वाटते, हे मला नवीन होतं.

"आणि जमीन एकदम सपाट हवी, आरशासारखी," बाई म्हणाल्या. "हा उतार डोळ्याला खुपतो."

इतक्या वर्षांत माझी कुणी दखल घेतली, ती ही अशी.

फोडाफोडीची धूळ नको म्हणून जुनी फरशी तशीच ठेवली. माझ्या अंगावर सिमेंटचा माल ओतून जमीन सारखी केली आणि वर ऐसपैस, गुळगुळीत फरश्या बसवल्या. जाळी गेली. तिच्या जागी भिंतीलगत एक बारीक फट आली, तीही दिसू नये अशी. मी चांगला धडधाकट असताना खाली गाडला गेलो.

पहिल्याच सकाळी वर पाणी साचलं. खालून मला चुबुक चुबुक ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी घरात वायपर आला. मी जिथून जातो तिथे वायपर येतो, हे लक्षात ठेवा. माणूस आंघोळ करून स्वच्छ होतो, मग पाणी ढकलून ढकलून पुन्हा घामाघूम होतो, आणि बाहेर येऊन नव्या बाथरूमचं कौतुक सांगतो. मुलानं फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. साचलेल्या पाण्यात दिवे दुप्पट दिसत होते म्हणे.

आबांचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातून साबण निसटला. त्यांनी दोन तांबे सोडले, थांबले, डावा हात पुढे केला. काही नाही. पुन्हा दोन तांबे. पुन्हा काही नाही. मग ते स्टुलावरून उतरले, गुडघ्यांवर आले आणि सगळी फरशी चाचपत निघाले. उठताना पाय सरकला. कोपर सुजलं, हाड तेवढं वाचलं.

मुलगा घाबरला, आणि घाबरलेली माणसं हुकूम सोडतात.

"आबा, उद्यापासून कडी लावायची नाही. मी आत थांबणार."

"मग मला आंघोळच नको."

"उगाच हट्ट करू नका हो."

"हट्ट नाही रे," आबा म्हणाले. "माझ्या हातांना आता काही कळेनासं झालंय. हात होते तोवर ठीक होतं. आता संपलं माझं."

हे सगळं ते बाथरूमच्या दारातच बोलत होते, माझ्या डोक्यावर. आबा, तुमचं काही संपलेलं नाही, मी इथे खाली आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण उताराला कुठलं तोंड! गप्प राहणं हा माझा स्वभाव. त्या दिवशी त्याचं मला फार वाईट वाटलं.

आबांनी खरंच आंघोळ सोडली. ओल्या टॉवेलनं अंग पुसून घ्यायचे, तेही खोलीचं दार लावून. मुलानं समजावलं, रागावला, शेवटी रडकुंडीला आला. आठव्या दिवशी आबा जेवायलाही बाहेर येईनात. "माझ्या अंगाला वास येत असेल," म्हणाले. हे सून नवऱ्याला सांगत होती, बेसिनपाशी, हळू आवाजात.

या सुनेबद्दल सांगायला हवं. ती मोटार चालवायला शिकवते. शिकणारा म्हणाला की ब्रेक नीट लागत नाही, तर ती त्याला बोल लावत नाही; त्याला बाजूला बसवते आणि स्वतः गाडी चालवून बघते. सुट्टीच्या दिवशी ती आबांचं स्टूल घेऊन आत आली, कडी लावली, डोळे गच्च मिटले आणि आंघोळीला बसली. जरा वेळानं तिनं मुद्दाम साबण टाकला. मग तिची जी काही तारांबळ उडाली! "मेल्या, गेलास कुठे!" असं ती साबणाला म्हणत होती आणि तिचे हात वर सगळीकडे फिरत होते. शेवटी डोळे उघडले, तर वडी तिच्या पाठीमागे निवांत पडलेली.

केसांतून पाणी निथळत असतानाच ती आबांना हाताला धरून बाथरूमच्या दाराशी घेऊन आली.

"आबा, आधी साबण पडला की तुम्ही काय करायचात?"

"दोन तांबे पाणी सोडायचो. डावीकडे सापडायचा."

"दर वेळी डावीकडेच?"

आबा विचारात पडले. "हो. दर वेळी."

"मग तो तुम्ही कुठे शोधत होता? जमीन तुम्हाला आणून देत होती. आता ती सपाट केलीय आम्ही. तुमच्या हातांना काही झालेलं नाही, आबा. चूक आमची आहे."

आपली करामत आपली नव्हती हे ऐकून आबा खट्टू होतील असं मला वाटलं. ते मोकळं हसले. "म्हणजे मी होतो तसाच आहे तर," म्हणाले, आणि टॉवेलनं डोळे पुसले.

मुलगा मात्र कळवळला. "अगं, पण फरशी नवीकोरी आहे!"

"फरशी नवी आहे आणि आबा जुने आहेत. कुणाला जपायचं ते बोल."

संध्याकाळी त्यानंच जाऊन जुन्या मिस्त्रीला शोधून आणलं. मिस्त्रीचे केस पांढरे झाले होते आणि गुडघे टेकताना तो "आई गं" म्हणत होता. पण त्याची छिन्नी तीच होती. दोन दिवस वर ठोकाठोक चालली, मग माझ्या अंगावर उजेड पडला. मिस्त्रीनं हातानं धूळ झाडली, एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरेच्चा! तू आहेस होय अजून?" एवढ्या आयुष्यात माझ्याशी बोललेला तो एकटाच माणूस. त्यानं माझ्यावर बारीक, खरखरीत फरश्या माझ्याच कलानं बसवल्या आणि जाळी डाव्या कोपऱ्यात परत लावली. शॉवर राहिला, काच राहिली. बाटल्यांचा दिवाही राहिला, घाबरतात बिचाऱ्या.

तर असं माझं चाललं आहे. तुम्हाला एकच विनंती. नवी बाथरूम हौसेनं करा, भिंतींना हवा तो रंग द्या, पाहुण्यांकडून वाहवा मिळवा. फक्त फरशी बसण्याआधी तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. आणि घरात कुणी म्हातारं असेल तर डिझायनरला फोन करण्याआधी त्याला विचारा की बाबा, तू आंघोळ कशी करतोस? ते सांगताना माणसं आधी लाजतात, मग खूप काही सांगतात.

आता पुरे. फरश्या वाळल्या आहेत आणि आबांची पहिली आंघोळ आहे. ते आत आले, कडी लावली, स्टूल चाचपून बसले. दाराबाहेर मुलगा आणि सून श्वास रोखून उभी आहेत. मला त्यांच्या सावल्या दाराखालच्या फटीतून दिसताहेत, आणि आबांना त्या न बघताही कळल्या असाव्यात, कारण ते बादलीत हात घालून नुसतेच थांबले आहेत.

"आबा," सुनेनं हळूच विचारलं, "काही हवंय का?"

"हो."

"काय?" दोघंही एकदम.

"तुम्ही दोघं जा बघू तिथून."

पावलं स्वयंपाकघराकडे गेली. आबांनी ती पूर्ण लांब जाऊ दिली आणि मग पहिला तांब्या डोक्यावर ओतला.