हरलेला एकच सामना

त्या मोसमात कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाने तेरा सामने जिंकले आणि एकच हरला. नेमका त्याच सामन्यात लेलँड टाकेट खेळला नव्हता, आणि तेच त्याच्या गळ्याशी आलं.

वाकून, पायांमधून चेंडू हाताने मागे द्यायचा आणि समोरून धावून येणारे धिप्पाड गडी अंगावर घ्यायचे, हे लेलँडचं काम. ऑक्टोबरात त्याच्या मानेत कळ उठून उजवा हात बधिर व्हायला लागला. डॉक्टरांनी आठवडाभर बसवलं, तेवढ्यात संघ तीन गुणांनी हरला. मग गावात न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत जो भेटेल तो विचारायचा, "काय रे, आता बरा आहेस ना?"

"एकदम," लेलँड म्हणायचा. डॉक्टरांनाही त्याने तेच सांगितलं.

अंतिम सामन्याआधी मात्र धीर करून तो प्रशिक्षक हॉलिसना म्हणाला, "सर, उजव्या हाताची बोटं जाणवतच नाहीयेत."

हॉलिसनी खोलीचं दार लावून घेतलं. "आणखी कुणाला बोललास?"

"नाही."

"मग बोलूही नकोस, पोरा. तुझी आई पुढच्याच रांगेत बसलीय, तुझ्या नंबरची जर्सी घालून."

लेलँड डाव्या हाताने चेंडू देत शेवटपर्यंत खेळला, आणि संघाने अजिंक्यपद पटकावलं. माणसांचा लोंढा मैदानात घुसला. सहा जणांनी त्याला खांद्यावर घेतलं, तशी मानेतून वीज गेल्यासारखी कळ गेली.

"खाली उतरवा मला!" तो जिवाच्या आकांताने ओरडला.

त्या गलक्यात लोकांना वाटलं, गडी आनंदाने ओरडतोय. त्यांनी त्याला आणखी उंच उचललं.