पाण्याविना बैठक

भूलतज्ज्ञ बाईंनी पुन्हा विषय काढला आणि मुख्य सर्जननी तो पुन्हा हसण्यावारी नेला. ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत बहुतेक पेशंटना पाणी प्यायला हरकत नाही, हे संशोधनातून कधीच दिसून आलं होतं. ह्यांच्या हॉस्पिटलात मात्र आदल्या रात्रीपासून घोटभर पाणीही बंद.

"अहो बाई, एक सकाळ पाणी नाही मिळालं म्हणून कोणी वाळून जात नाही," सर्जन म्हणाले.

बाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या म्हणजे डोक्यात काहीतरी शिजतंय, हे फक्त मेट्रनला ठाऊक होतं. दोघी सख्ख्या जावा होत्या.

पुढची बैठक बाईंनी ऑपरेशनं नसलेल्या दिवशी ठेवली. निरोप असा, की सगळ्यांनी पेशंटसारखं पाणीही न पिता यावं. सर्जननी मिशीला पीळ दिला आणि ते सकाळी सगळ्यांच्या आधी हजर झाले. बैठक दुपारवर गेली. मग आणखी पुढे.

"हा काय पोरखेळ आहे?" कोरड्या घशाने त्यांनी विचारलं.

"सर, ऑपरेशनं अशीच तर पुढे जातात आपल्याकडे," मेट्रन म्हणाली.

अखेर बैठक भरली तेव्हा सर्जनचं डोकं ठणकत होतं आणि फिजिशियन शेजाऱ्यावर डाफरत होते. बाईंनी दोन तास आधीपर्यंत पाणी देण्याचा ठराव वाचायच्या आतच तो मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सर्जन ऐटीत राउंडला गेले, तर पेशंट तसेच तहानलेले.

"ऑपरेशन किती वाजता लागणार ते आम्हाला कोणी कळवतच नाही," वॉर्डातली सिस्टर म्हणाली. "पाणी कधी थांबवायचं ते कसं कळणार?"

ठराव केला म्हणजे काम झालं, असंच सर्जन धरून चालले होते. मग बाईंनी ऑपरेशन थिएटरवाल्यांना आणि सिस्टरांना एकत्र बसवलं. वेळ बदलली की थिएटरने वॉर्डला फोन करायचा. फोन आला नाही तर सिस्टरने थेट सर्जनना गाठायचं. सिस्टरांनी हे काम फारच आवडीने केलं. हळूहळू घडी बसली.

डॉक्टर, मेट्रन, सिस्टर आणि थिएटरवाले असा जमलेला तो गट मग मोडला नाही. एखादी जुनी पद्धत घ्यायची, संशोधन काय म्हणतं ते वाचायचं आणि बदलासाठी कोणी काय करायचं तेही तिथेच ठरवायचं.

पुढचा विषय मेट्रनने मांडला: ऑपरेशनआधी सरसकट एनिमा लागतो का?

खोलीत सगळे एकमेकांकडे बघू लागले. सर्जननी घसा खाकरला.

"बाई," ते म्हणाले, "हे आपण नुसतं वाचूनच ठरवू."